वरून ओतलेले पाणी

माझ्या तोंडाशी एक थेंब लोंबतो आहे. सावलीत तो स्वच्छ दिसतो. उन्हात पाहिला, तर खालच्या कडेला फिकट पिवळी झाक असते. मला त्या झाकेची भीती वाटते.

मित्रांनो, मी एक जुना हातपंप आहे. या गल्लीत मला बसवले, तेव्हा माझे पाणी थंडगार आणि गोड होते. शेजारच्या शिंपीणबाईंच्या सासूबाई तर म्हणायच्या, "पंप कसला, गुणाचं बाळ आहे!" पुढे माझ्या आतले चामड्याचे वॉशर झिजले. ते कुणी बदलले नाही. तेव्हापासून वरून तांब्याभर पाणी ओतल्याशिवाय मला पाणी ओढता येत नाही. त्यासाठी टँकरच्या पाण्याचा एक डबा माझ्याजवळ झाकून ठेवलेला असतो.

मग गल्लीच्या वरच्या अंगाला नळांना चकाकी चढवणारा कारखाना आला. त्याचे वापरलेले पाणी मागच्या खड्ड्यात जाई आणि जिरून जाई. वर सगळे कोरडे ठाक. पण माती ही चाळणी आहे, मित्रांनो. खाली, माझ्या नळीच्या टोकाशी, ते पाणी येताना मला कळले. आधी चव बदलली, मग रंग. मला तोंड आहे, पण वाचा नाही. दांडा दाबला की पाणी द्यावेच लागते.

शिंपीणबाईंच्या बोटांना फोड आले, सुई धरवेना. त्यांची लहानगी ठकी पोट धरून बसू लागली. टँकर येई तेव्हा येई; मग तहानलेली ठकी माझ्याखालीच ओंजळ धरी. ती ओंजळ दिसली की माझे लोखंड आतून गार पडे.

तक्रार झाली. जलखात्याचे साहेब आले. कारखान्याचे मालक म्हणाले, "साहेब, कायदा म्हणतो नदीत, ओढ्यात घाण सोडू नका. आम्ही थेंबसुद्धा सोडत नाही. आमच्या जागेत, आमच्या खड्ड्यात जिरवतो."

"जिरवणं म्हणजे सोडणं का, हे मला ठरवायचंय," साहेब म्हणाले. "विचार चालू आहे."

विचार चालूच राहिला. दर खेपेला खात्याचा माणूस येई, माझ्यात तांब्याभर पाणी ओती, दांडा मारी आणि पहिली धार बाटलीत भरून नेई. अहवाल येई : पाणी शुद्ध. नसायला काय झाले? ते टँकरचेच पाणी होते!

तक्रारी थांबेनात, तेव्हा खड्ड्यातले पाणी माझ्यापर्यंत येते का हे पाहायला साहेबांनी त्यात हिरवा रंग टाकायला लावला. काही दिवसांनी सगळे माझ्याभोवती जमले. डब्यातले पाणी ओतले, दांडा हलला. पहिली धार आली.

"बघा, काचेसारखं!" मालक हसले.

खात्याचा माणूस बाटलीला बूच लावू लागला.

"झालं असेल तर सरका," सासूबाई म्हणाल्या. "मला धुणं भिजवायचंय. तुमच्या बाटलीनं माझी बादली नाही भरत."

"आजी, जरा थांबा..."

"किती थांबू? थांबून थांबून नातीच्या पोटाची वाट लागली." आणि त्यांनी दांडा धरला.

मी इतका कधीच घाबरलो नव्हतो. रंग आला, तर मी आजवर काय पाजले ते गल्लीला कळणार. नाही आला, तर ठकी उद्याही ओंजळ धरणार. दांडा खाली गेला, वर आला. मग बादलीत हिरवे पाणी पडले, कोवळ्या गवतासारखे.

ठकी पुढे झाली. आईने फोडांच्या हातांनी तिला मागे ओढले. "हात लावू नकोस!"

खात्याचा माणूस बाटलीकडे बघत राहिला. "म्हणजे मी आजवर टँकरचं पाणी तपासायला नेत होतो?"

"त्या टँकरवाल्याला कळवा हो," सासूबाई म्हणाल्या, "पाणी झकास आहे म्हणावं."



मित्रांनो, जमिनीत टाकलेले नाहीसे होत नाही, दिसेनासे होते. टाकण्याआधी एकदा विचारा, खाली कुणाची नळी आहे.

"पण साहेब," मालक म्हणाले, "आम्ही इथं कुठं सोडलं? ते आपलं आपण आलं."

साहेबांनी बादलीकडे पाहिले, मग ठकीकडे.

"जमिनीच्या वाटेनं आलं, तरी ते तुम्हीच सोडलंय. खड्डा आजपासून बंद."