पाचवीचा विळा

मी मूळची धुळ्याची. नर्सचं शिक्षण संपलं आणि चोपडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर माझी नेमणूक झाली, तेव्हा शहाऐंशी साल होतं आणि माझ्या जिभेला अजून लगाम नव्हता. तो आजही नाही, फक्त आता लोक ऐकून घेतात. त्या गावात चहूकडे केळीच्या बागा होत्या आणि ओट्याओट्यावर सासवा. त्यांतली सगळ्यात वजनदार सासू म्हणजे सुंदरबाई. तिच्या घरात तिच्या परवानगीशिवाय मांजरसुद्धा दूध प्यायचं नाही.

तिची सून कमलबाई तिसऱ्यांदा गरोदर होती. आधीची दोन्ही मुलं चांगली धडधाकट जन्मली आणि आठवडाभरातच गेली. आधी दूध ओढेनाशी झाली, मग जबडे बसले, मग नुसता हात लावला तरी अंग ताठ व्हायचं. आम्ही त्याला धनुर्वात म्हणतो, गाव म्हणायचं सटवाईचा कोप. कमलबाईला माहेरी आई नव्हती, त्यामुळे बाळंतपणं सासरीच झाली होती. आता हेही मूल गेलं तर ही बाई जगते की नाही, अशी मला भीती होती. कारण ती पोटाकडे बघतच नसे. पोट दुसऱ्या कुणाचं असावं आणि आपण ते नुसतं सांभाळायला घेतलं असावं, तसं ती वागायची.

धनुर्वाताची पहिली सुई मी तिला गोड बोलून दिली. दुसरी द्यायला गेले तर सुंदरबाई दारातच आडवी. म्हणाली, "नही लावानी. मांगे दंड सुजना, ताप ऊना. आंगे पहिलेच काय ताकद शे तिले?"

"अक्का, दंड सुजला म्हणजे अंग जागं झालं," मी म्हटलं. "धनुर्वाताच्या जंतूच्या विषाचा दम काढून टाकतात आणि तेच सुईतून देतात. ते पाहून अंग चिडतं, त्यावरचा उतारा करायला शिकतं. पहिल्या वेळी चाचपडतं. दुसऱ्या वेळी ओळख पटलेली असते, मग भराभर करतं. अर्ध्यावर सोडलं तर पहिली सुई फुकट जायची."

"बरं, सुई सुनले टोची. मंग नातूले काय उपेग?"

प्रश्न बिनतोड होता. पुस्तकातलं उत्तर मला येत होतं, पण ते सुंदरबाईला सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं. समोरच त्यांची बाग होती. मी विचारलं, "अक्का, केळीच्या बुडाशी पील फुटतं, ते सुरुवातीला कुणाच्या जिवावर वाढतं?"

"मायना. आखो कोना?"

"मग झालं तर. आईच्या रक्तात तयार झालेला उतारा नाळेतून पोटातल्या बाळाला जातो. बाळ तो घेऊनच जन्माला येतं. पुढं त्याच्या त्याच्या सुया आहेतच, पण पहिले दिवस आईचाच आधार."

सुंदरबाईने बागेकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि दारातून बाजूला झाली. मी सुई देऊन घेतली. मत बदलायला तिला वेळ मिळू नये म्हणून जरा घाईनेच.

मग सहज म्हणून विचारलं, "नाळ कशानं कापता?"

"आमना घरना इळानी. दुसरा चालस का?"

मला ठाऊक असलेली पाचवीची पूजा म्हणजे पाटावर सटवाई मांडायची, नैवेद्य दाखवायचा. या घरात त्या पाटावर नाळ कापलेला विळाही ठेवत. त्यामुळे तो घरचाच हवा, परका नको, नवा नको. मी विळा बघायला मागितला. सुंदरबाईने छपरात खोचलेला विळा काढून दिला. केळीच्या चिकाने तो काळा पडला होता आणि मुठीशी बागेतली माती वाळून घट्ट बसली होती. ती माती शेणखताची होती, म्हणजे त्या जंतूंचं माहेरघर. दिवसभर त्याने पिलं छाटायची, पानं उतरवायची, आणि बाळंतपण आलं की पदराला पुसून तोच आत न्यायचा.

"आणि बेंबीला काय लावलं होतं?"

"पहिलाले राख लायी व्हती. दुसराले शेन बी लायं, जास्ती जपीसन." हे ती अभिमानाने सांगत होती.

मला संताप आला. ओठावर आलेलं वाक्य फार वाईट होतं. पण मी विळ्याकडे पाहत राहिले आणि सुंदरबाई माझ्याकडे. तिने आयुष्यभर माणसांची तोंडं वाचली होती. माझंही वाचलं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "दोन्ही येळे इळा मीच दिन्हा व्हता."

मी विळा खाली ठेवला.

"म्हंजे मीच…" तिने वाक्य सोडून दिलं आणि ओट्यावर बसली. एवढी दांडगी बाई, पण त्या घटकेला तिला उठवायला दोन माणसं लागली असती. माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी तिच्याशेजारी बसले आणि मनापासून म्हटलं, "अक्का, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही जपतच होतात." तिने मान हलवली. पटलं म्हणून नाही, मी बोलले म्हणून.

कमलबाई मोकळी झाली ती एका दुपारी. गावची सुईण बेबाबाई होती, मी होते. नवीन ब्लेड आणि दोरा मी पातेल्यात उकळून घेतला, हात साबणाने धुतले, बेबाबाईलाही धुवायला लावले. तिने तोंड वाकडं केलं, पण धुतले. मुलगा झाला. नाळ बांधली, कापली. आणि जन्माच्या सवयीने बेबाबाईचा हात चुलीकडे गेला, चिमूटभर राख घ्यायला. मी ओरडायच्या आधीच सुंदरबाईने तिचं मनगट धरलं.

"हात मांगे ली, बेबा! काहीच लावानं नही."

मला त्या म्हातारीचा मुका घ्यावासा वाटला. घेतला नाही, कारण माझे हात गुंतले होते आणि तिला ते आवडलंही नसतं.

पाचवीला बेबाबाईने विषय काढलाच. विळा नाही तर सटवाई नशीब लिहायला येणार कशी? सुंदरबाईने पाटावर ते ब्लेड ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, नैवेद्य दाखवला आणि सटवाईलाच बजावलं, "माय, इळा मी बागमा धाडी दिन्हा. आते हाईच शे. गोड मानी ले." सटवाईनेसुद्धा निमूट ऐकलं असेल. त्या आवाजापुढे कोण काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलबाईचा नवरा सुकदेव उपकेंद्राच्या दारात सायकल टाकून उभा राहिला. हा माणूस एरवी तोंडातून शब्द काढायचा नाही.

"बाई, पोऱ्या दूध पेत नही."

मी पिशवी उचलली. दोन्ही सुया वेळेवर दिल्या होत्या, ब्लेड मी स्वतः उकळलं होतं, माझा त्यावर पुरा विश्वास होता. पण विश्वास आणि ती सहा शब्दांचीही नसलेली बातमी यांच्यामध्ये मी वाटभर लटकत होते. सायकल त्याने चालवली, मी मागे बसले, आणि खड्ड्यात चाक गेलं तरी त्याने वेग कमी केला नाही.

घरात गेले तर मूल सुंदरबाईच्या मांडीवर टाहो फोडत होतं. टाहो! तोंड चांगलं उघडं, जीभ लालभडक, हातपाय झाडत होतं. जबडा बसलेलं मूल असं रडत नाही. मी हात धुतले, बेंबी पाहिली, ती कोरडी होती. करंगळी त्याच्या तोंडात दिली तर त्याने ती अशी ओढली की मीच हसले.

"याला काय झालंय? हा उपाशी आहे! कोण पाजत नाहीये याला?"

सुंदरबाईने कोपऱ्याकडे पाहिलं. कमलबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. पोलक्याचा पुढचा भाग दुधाने भिजला होता, तरी तिने मूल घेतलं नव्हतं. रात्रीपासून.

"मी नही घेत," ती भिंतीलाच म्हणाली. "ते दोन्ही पाचवीनंतरच मनी मांडीवर आखडी गयात. मी घीसू अन् हाऊ बी जाई."

यावर कुठल्याच प्रशिक्षणात काही शिकवलेलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसले. पाणी आणलं, साबण आणला आणि लहान मुलाचे धुवावेत तसे तिचे हात धुतले. मग सुंदरबाईला खूण केली. तिने मूल आणलं. मी म्हटलं, "कमल, मांडीवर घेऊ नकोस. नुसतं बोट दे."

तिने तोंड फिरवूनच करंगळी पुढे केली. मुलाने ती तोंडात धरली आणि दणकून ओढायला लागला. कमलबाईचं तोंड हळूहळू वळलं. तिने बोट काढायचा प्रयत्न केला, तर तो सोडेना. मग ती जी रडायला लागली, ती रडतरडतच त्याला पदराखाली घेऊन बसली. सुकदेव बाहेर गेला. त्याच्या नाक शिंकरण्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखा केला.

ते भीतीचे दिवस सरले आणि बारसं आलं. बायकांनी घर भरलं. मलाही बोलावणं होतं. मुलं जगत नाहीत त्या घरात नाव वंगाळ ठेवतात, म्हणजे नजर लागत नाही आणि मरणालाही ते पोर नकोसं वाटतं. सुकदेवच्या बहिणीने, म्हणजे आत्याने, असंच एक नाव ठरवून आणलं होतं. ती पाळण्यावर वाकून बाळाच्या कानाशी गेली. "यानं नाव धुडकू—"

"थांबा."

कमलबाईचा आवाज इतका मोठा असतो, हे त्या दिवशी गावाला पहिल्यांदा कळलं.

"धुडकू नही. यानं नाव हेमराज शे. पहिल्या येळपासून मनमा व्हतं. लेवानी हिंमतच व्हत नव्हती."

आत्याने सुंदरबाईकडे पाहिलं, बेबाबाईने देवाकडे. सुंदरबाई उठली, मुलीला बाजूला सारून पाळण्याशी आली. कानात सांगायचं नाव तिने कानात सांगितलंच नाही. दारातल्या बायकांनाच नव्हे, पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली.

"हेमराज! ए हेमराज!"