भोकाच्या गुंजा

माळांच्या कारखान्यात सगळे तिला गिरमिट म्हणत. एक तर ती दिवसभर गुंजांना भोकं पाडायची, आणि दुसरं, बोलायला लागली की समोरच्याचं डोकं पोखरायची. लग्न केलं नव्हतं. भाऊ, वहिनी आणि त्यांची तीन वर्षांची ठमी, हाच तिचा संसार.

गुंज दिसायला देखणी, लालचुटूक, टोकाला काळा ठिपका. पण कवच असं की सुई वाकेल, आत शिरणार नाही. म्हणून गरम पाण्यात भिजवून मगच ती मशीनखाली धरायची. तुटलेल्या माळा ओवायला घरी आणायची.

एका दुपारी वहिनी बाजारात गेलेली असताना ठमीनं सांडलेल्या गुंजा तोंडात टाकल्या. गिरमिटनं बोट घालून दोन काढल्या. बाकीच्या पोटात गेल्या होत्या. वहिनी आल्याआल्या दवाखान्यात नेऊ म्हणाली. गिरमिटनं ते हसण्यावारी नेलं. लहानपणी पैजेवर तिनं स्वतः शेंगा फोडून मूठभर गुंजा गिळल्या होत्या. आईनं केळी चारली आणि सगळ्या जशाच्या तशा बाहेर पडल्या.

"अगं, दगड कुठं पचतो का?" ती म्हणाली.

वहिनीचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी ठमीला उलट्या सुरू झाल्या, मग शौचातून रक्त. तिघं तिला घेऊन दवाखान्यात धावली. डॉक्टरीणबाईंनी काय गिळलं ते दाखवा म्हटल्यावर गिरमिटनं तुटलेल्या माळांच्या पिशवीतली गुंज त्यांच्या हातावर ठेवली. बाईंनी ती खिडकीकडे धरली. भोकातून उजेड दिसत होता.

गुंजेच्या आत विष असतं, त्यांनी सांगितलं. कवच शाबूत असेल तर ते आतच राहतं, बी पोटातून तसंच निघून जातं.

"हिचं कवच फोडलंय कुणीतरी," बाई म्हणाल्या. यावर उतारा नव्हता. सलाइन लावून वाट बघायची, एवढंच.

ठमी वाचली नाही.

भावानं अंथरूण धरलं. एक दिवस गिरमिट कारखान्यात गेली आणि तिनं पुढच्या खोलीतल्या बायकांना सगळं सांगितलं. कुणी लेकरू मांडीवर घेऊन ओवत होती, कुणाचं पायाशी खेळत होतं. मालकानं तिला बाजूला घेऊन समजावलं, दुःख गिळ बाई, पण दुसऱ्यांच्या पोटावर पाय आणू नकोस. ती तशीच आत गेली आणि उरलेल्या बायकांना सांगितलं. एक जण लेकराला उचलून निघून गेली. बाकीच्यांनी लेकरं दाराबाहेर बसवली आणि पुन्हा कामाला लागल्या. मालकानं तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून बजावलं.

घरी वहिनी भाजी निवडत बसली होती. दवाखान्यातून आल्यापासून ती नणंदेशी बोलली नव्हती.

"मी नेऊ म्हणत होते," वहिनी मान वर न करता म्हणाली.

"हो," गिरमिट म्हणाली. "मीच नेऊ दिलं नाही."

वहिनी उठून आत गेली. गिरमिटनं उरलेली भाजी निवडायला घेतली.