जंतूचा पणजोबा

आमचे मोठे भाऊजी कधी चुकत नाहीत. चूक नेहमी दुसऱ्याची असते, आणि तसा दुसरा कुणी हाताशी नसला तर ते तो शोधून आणतात. कोंबड्यांचे डोळे सुजले, नाकं वाहू लागली, अंडी निम्म्यावर आली, तेव्हा त्यांनी शोधून आणली ती पाखरं.

शेडच्या कडेला जाऊबाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षी लावलेली झाडं होती. त्यांवर लाल छातीची इवलीशी पाखरं दिवसभर गात असत. त्या घरात जाऊबाईंशी गोड बोलणारं दुसरं कुणी नव्हतंच. आता त्यातलीही काही डोळे चिकटून, आंधळी होऊन झाडाखाली पडू लागली होती.

"बघा, रोग यांनीच आणला," भाऊजी जेवताना म्हणाले. "झाडंच तोडून टाकू. ना राहील फांदी, ना बसतील पाखरं."

आमच्या ह्यांनी मान डोलावली. भावापुढे ह्यांच्या मानेला दुसरं काम नसतं.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जनावरांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत जंतूंची जनुकं वाचते.

"भाऊजी, आधी तपासून तरी बघू," मी म्हटलं.

"बघ की! आमच्या शास्त्रज्ञबाईंचा शिक्का घेऊन तोडू." ते खूश झाले. तपासणी म्हणजे आपल्या मतावर मारायचा शिक्का, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

मी कोंबड्यांच्या आणि पाखरांच्या डोळ्यांवरून कापसाच्या काड्या फिरवून नमुने घेतले. पाखरं जाऊबाईंनी धरली. एक त्यांच्या ओंजळीतच मेलं, तर पदराने हात पुसून त्यांनी दुसरं उचललं.

निकाल घेऊन गेले, तर करवतवाला आधीच अंगणात चहा पीत बसला होता.

"जंतू एकच आहे," मी म्हटलं आणि तिथेच घात झाला. पुढचं वाक्य तोंडातून निघायच्या आत भाऊजींनी टाळी वाजवली.

"अहो, थांबा! जंतू स्वतःची नक्कल काढत वाढतो. नक्कल काढताना एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते. तुमच्या कोंबड्यांतल्या जंतूच्या सगळ्या चुका पाखरांच्या जंतूत आहेत, वर थोड्या नव्याही आहेत. त्या नव्या चुकांतली एकही कोंबड्यांत नाही. आजोबांचं नाक नातवाला येतं, भाऊजी, नातवाचं आजोबांना नाही. रोग शेडमधून झाडावर गेलाय."

"आणि शेडमध्ये कुठून आला?" जाऊबाईंनी विचारलं.

"भाऊजींच्या मित्राकडून. त्यांच्या कोंबड्यांचे नमुने मागे आमच्याकडे आले होते. या जंतूचा पणजोबा तिथे बसलाय."

त्या मित्राकडून भाऊजींनी नव्या तलंगा आणल्या होत्या, अंड्यावर यायच्या बेतातल्या. नवी कोंबडी आणली की काही दिवस वेगळी ठेवतात, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मित्राची कोंबडी वेगळी ठेवायची म्हणजे मित्राचा अपमान! भाऊजींनी त्या थेट जुन्या कोंबड्यांत सोडल्या.

"पण शेडला तर जाळी आहे," जाऊबाई हळूच म्हणाल्या. "पाखरं आत जातच नाहीत." बोलता बोलता त्यांची नजर झाडाखालच्या दगडी कुंडीकडे गेली. कोंबड्यांनी तोंड घातलेलं उरलंसुरलं पाणी भाऊजी रोज संध्याकाळी त्या कुंडीत ओतत. पाणी वाया गेलेलं त्यांना खपत नाही.

"तुम्हीच पाजलंत की हो त्यांना," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी कुंडीवरची नजर उचलून झाडांकडे वळवली. मग म्हणाले, "म्हणजे पाखरांत रोग आहे ना? मग झालं तर!" आणि करवतवाल्याकडे वळून, "चालू कर रे."

मला इतका संताप आला की हातातला कागद त्यांच्या तोंडावर फेकावासा वाटला. आमचे हे स्वतःच्या चपलांचं निरीक्षण करत होते. झाडं पडत असताना जाऊबाईंनी कुंडी उपडी केली आणि घरात निघून गेल्या.

भाऊजींनी सगळ्या कोंबड्या काढून टाकल्या, शेड धुऊन चुना मारला, जागा मोकळी ठेवली. एवढं सगळं शहाण्यासारखं केल्यावर नव्या तलंगा आणल्या त्या कुणाकडून? त्याच मित्राकडून. माणूस भरवशाचा आहे म्हणे!

काही आठवड्यांनी आम्ही दोघं गेलो, तेव्हा शेडमध्ये पुन्हा डोळे सुजले होते. अंगणात सावलीचा टिपूस नव्हता. बुंध्यांच्या मधोमध उभे राहून, कपाळावर हात धरून भाऊजी आभाळ न्याहाळत होते.

"कुठून येतात कोण जाणे ही पाखरं!"

जाऊबाईंनी हातातली बादली त्यांच्या पायाशी ठेवली.

"आता कुणी येत नाही," त्या म्हणाल्या. "या खेपेला काय तोडायचं ते सांगा, करवतवाल्याला निरोप धाडते."

भाऊजींनी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांची मान हलली नाही.