वेशीपाशी वळणारी घंटा

मित्रांनो, मी देवळातली नाही आणि शाळेतलीही नाही. एका लहान शहराच्या नगरपालिकेची, दवंडीची जुनी घंटा आहे मी. निजामाच्या काळात एका ओताऱ्याने मला मातीच्या साच्यात ओतले आणि बाभळीची मूठ बसवली. पहिल्यांदा वाजवून पाहिले तेव्हा तो म्हणाला होता, "हिचा आवाज लांब जाईल."

आवाज लांब जात असे. पण मी स्वतः मात्र वेशीपर्यंतच जात असे.

मला वाजवणारे शिपाई सिताराम. अंगात खाकी सदरा, पायात झिजलेल्या वहाणा. पाणी कधी सुटणार, लस कुठे टोचणार, असे नगरपालिकेचे सगळे निरोप ते माझ्या तालावर ओरडून सांगत. पेठ, मोंढा, कासारगल्ली आणि मग वेस. वेशीपाशी आले की ते परत फिरत. वेशीबाहेर नाला होता आणि नाल्यापलीकडे भीमनगर ही बौद्धांची वस्ती. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हापासून तिकडची माणसे वेशीच्या आत कामापुरतीच येत.

पुढे पंच्याऐंशी साली नवी नगरपालिका निवडून आली. अध्यक्ष आबासाहेब मनाने चांगले होते. शहरात नळयोजना येणार होती. आपल्या गल्लीत सार्वजनिक नळ कुठे हवा, ते लोकांनीच सोमवारच्या सभेत येऊन सांगावे, असे त्यांनी ठरवले. सोमवारनंतर जागा बदलता येणार नव्हत्या. "सिताराम, एकही घर सुटता कामा नये," असे त्यांनी बजावले. सितारामांनी घसा बसेपर्यंत दवंडी दिली. नेहमीच्याच वाटेने.

सोमवारी सभागृह भरले. भीमनगरातून कोणीच आले नाही.

"भीमनगरवाले बोलावूनबी येत न्हाईत," भुजंगराव नावाचे सदस्य म्हणाले. "अन् उद्या पुन्हा ओरडायला तयार!" काही जण हसले. आबासाहेबांनी सही करायला पेन उघडले.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "आबासाहेब, जरा थांबा."

त्या भीमनगरच्या केशरबाई होत्या. नातवाच्या जन्माची नोंद करायला आल्या होत्या आणि वस्तीचे नाव कानावर पडल्यामुळे दारातच थांबल्या होत्या. त्यांची सून आदल्या पावसाळ्यात भरल्या घागरीसकट नाल्यात घसरली होती. तिचा हात कायमचा वाकडा झाला. तेव्हापासून लांबच्या विहिरीचे पाणी नाल्यातून म्हाताऱ्या केशरबाईच वाहत होत्या.

"आमाला बोलावलं कुणी?" त्यांनी विचारले.

"गावभर दवंडी दिलती की! ऐकू येत न्हाई का तुमाला?" भुजंगराव म्हणाले.

"ऐकू लय चांगलं येतंय. तुमी आत्ता हसलाव तेबी ऐकलं." केशरबाईंनी सितारामांच्या हातातल्या माझ्याकडे बोट केले. "नांदायला आले तवापासून ह्या गावात हाय मी. ही घंटा आज पहिल्यांदा बघायले."

आबासाहेब वळले. "सिताराम, वेशीबाहेर गेला नव्हतास?"

"न्हाई जी. वेशीपाशी वळायचं, असंच हाय पहिल्यापासून."

"कोणी सांगितलं तसं?"

"कुणी सांगितलं न्हाई जी. पण पुढं जा, असंबी कुणी म्हणलं न्हाई."

आबासाहेबांनी पेनाला टोपण लावले. "सभा गुरुवारी पुन्हा भरेल. संध्याकाळी, मजूर कामावरून परतल्यावर. आणि दवंडी यापुढे नाल्यापलीकडून सुरू करायची. पेठ शेवटी."

"मग पेठेला उशिरा कळंल की!" भुजंगराव म्हणाले.

"उशिरा कळलं की कसं वाटतं, ते पेठेलाही कळू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा नाला ओलांडला. सितारामांचा हात घामाने ओला झाला होता. खाकी सदरा दिसताच दारे भराभर लागू लागली.

केशरबाई बाहेर आल्या. "अगं, दारं काय लावायलाव? पोलीस न्हाई त्यो. बोलवायला आलाय." मग सितारामांना म्हणाल्या, "वाजीव दादा, मोठ्यानं वाजीव. एवढं भेल्यावर कसं व्हईल?"

मी वाजले. एक एक दार किलकिले झाले. निरोप सांगून झाल्यावर केशरबाईंनी तांब्या पुढे केला. सितारामांनी पाणी घेतले, घटाघटा प्यायले आणि नाल्याकडे पाहिले. केशरबाई तांब्या पुन्हा भरू लागल्या, तेव्हा त्यांनी हात आडवा धरला.

"का रं दादा?"

"लय लांबून आणायलाव तुमी."

गुरुवारी सभागृहातली सतरंजी अपुरी पडली. पुढच्या उन्हाळ्याआधी केशरबाईंच्या घरासमोर नळ आला. पहिली धार पडली तेव्हा सून वाकड्या हाताने ती झेलत कितीतरी वेळ तिथेच उभी होती.

नंतर रिक्षावर कर्णे आले आणि मी फिनेलच्या डब्यांशेजारी धूळ खात पडले. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नवे नाव मिळाले. काय होईल या धाकाने शहराने श्वास रोखून धरला होता. काहीच झाले नाही. दुकाने उघडली, मुले शाळेत गेली. त्याच आठवड्यात सिताराम गेले.

त्यांची लेक सगुणा सासरहून, पालमहून, आली. ती थेट नगरपालिकेत गेली आणि तिने मला मागून घेतले. वडिलांची शेवटची खबर तिला स्वतः द्यायची होती. तिने मला पदराने पुसले आणि ती आधी नाल्यापलीकडे गेली. ती रडत नव्हती. फक्त माझ्या मुठीवरची तिची पकड सैल होत नव्हती.

केशरबाई काठी टेकत आल्या. "थांब लेकी. पाणी पी, मग हो पुढं."

सगुणाने नळाचे पाणी ओंजळीने प्यायले. केशरबाईंनी तांब्या भरला, तशी तिने पुन्हा ओंजळ पुढे केली. आता पाणी दारातच होते. तेव्हा कुठे तिला रडू फुटले. ती वेशीतून आत गेली, तेव्हा सगळे भीमनगर तिच्या मागे चालत होते.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी उद्या नगरपालिकेत बसेल. "सगळ्यांना सांगितलं" असे म्हणण्याआधी शेवटच्या घरापर्यंत एकदा चालून या. आणि सवड झाली तर मला चिंचेने घासा. माझा आवाज अजून चांगला आहे.