कोऱ्या डिस्कची नक्कल

सत्यशीलाबाईंचं श्रावणी सोमवारचं मौन कोथरूडच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळच्या पूजेपासून दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द नाही, आणि मौन सुटताना पहिला शब्द देवाचा. "नमः शिवाय" म्हटल्याशिवाय त्या शेजारणीच्या हाकेलाही ओ देत नसत. खुणेला मात्र मनाई नव्हती. माणसांत राहायचं म्हणजे हात हलवावा लागतोच.

नेमका असाच एक सोमवार त्यांच्या धाकट्या दिरांनी, इंद्रजीतभाऊजींनी धरला.

"वहिनी, उद्या दुकानात येऊन जा," त्यांनी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं. "कॉम्प्युटरची डिस्क कटकट आवाज करतेय. सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतो, म्हणजे तुम्ही मोकळ्या. येताना तुमच्याकडची दुकानाची चावी तेवढी आणा."

दुकान कॉम्प्युटरवरच्या भरतकामाचं. देवीची वस्त्रं, लग्नातले अंतरपाट, ब्लाउजच्या बाह्या. यजमानांनी, दशरथरावांनी चित्र काढायचं आणि सत्यशीलाबाईंनी कॉम्प्युटरवर त्याचं पंचिंग करायचं, म्हणजे सुई कुठून शिरेल, कुठे वळेल, हे टाक्याटाक्याने ठरवून द्यायचं. दशरथराव गेले आणि वर्ष उलटायच्या आत धाकट्या भावाला आठवलं की दुकानाचे कागद आपल्या नावावर आहेत. "तुम्ही आता जप करा, वहिनी. मशीनपुढे बसायचं वय आहे का तुमचं?" सत्यशीलाबाई मशीनपुढून उठल्या. त्यांचा आवाज एरवीही शेजारच्या खुर्चीपलीकडे जात नसे.

सोमवारी त्या दुकानात आल्या तेव्हा भाऊजींनी कॉम्प्युटर उघडून ठेवला होता. मोबाइलवर व्हिडिओ चालू होता.

"दुरुस्तीवाल्याला कशाला बोलवायचं? नक्कल करायचं सॉफ्टवेअर इंटरनेटवर फुकट मिळतंय. व्हिडिओतल्या पोराला अजून मिशी फुटली नाही, तो करतोय, मग मला नाही जमणार?" आणि हसून म्हणाले, "आज बरंय, तुमच्याकडून सूचना यायच्या नाहीत. एरवी हळू आवाजात टोचता तुम्ही."

बोलता बोलता त्यांनी चहाचा ग्लास उघड्या कॉम्प्युटरच्या कडेला टेकवला. सत्यशीलाबाईंनी झटकन टाळी वाजवली, बोट दाखवलं. भाऊजींनी ग्लास उचलला.

"मौनातही लक्ष आहे हो तुमचं! बरं, जुनी डिस्क धुळीने माखलीय. फडकं बघा तिकडे, दोऱ्यांच्या खोक्यामागे."

फडकं होतं. त्याच्या शेजारी मशीनच्या तेलाचा डबा होता, आणि डब्याखाली दशरथरावांचा फोटो. भिंतीवरचा फोटो उतरवून तिथे एसी बसवला तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "फोटो नव्या फ्रेमला दिलाय." हाराचा दोरा अजून एसीखालच्या खिळ्याला लोंबत होता. तेल काचेखाली झिरपलं होतं, आणि डब्याच्या बुडाचं गोल वळं नेमकं चेहऱ्यावर उमटलं होतं.

सत्यशीलाबाईंनी डबा बाजूला केला. फोटो पुसून पिशवीत ठेवला. मग त्याच फडक्याने जुनी डिस्क पुसली, तेव्हा तिच्यावरचा नंबर स्वच्छ वाचता आला. डिस्क भाऊजींच्या हातात देऊन त्या स्टुलावर बसल्या आणि गोमुखीत हात घालून जप करू लागल्या.

पडद्यावर दोन डिस्का आल्या. कंपनी तीच, आकार तोच, फरक फक्त नंबराचा. कुठून उतरवायचं, ते आधी निवडायचं. कुठे उतरवायचं, ते मग. भाऊजींनी वरची आधी निवडली. फडक्याने पुसलेल्या जुन्या डिस्कचा नंबर खालच्या ओळीत होता.

मणी थांबला. भाऊजी कोरी डिस्क भरलेलीवर उतरवत होते.

दुसरी प्रत कुठेही नव्हती. नवरात्राच्या ऑर्डरी तोंडावर होत्या, त्यांची डिझाइनं त्यात होती. दशरथरावांनी दवाखान्यातल्या खाटेवर काढलेला मोरही त्यातच होता. मानेचं पंचिंग झालं होतं, पिसाऱ्याचं राहिलं होतं. तोही जाणार. पण मग सत्यशीलाबाईंच्या डोळ्यांसमोर ते तेलाचं वळं आलं. ह्याच्या दुकानात नाचण्यापेक्षा मोर मेलेला बरा.

या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, खात्री आहे का, असं सॉफ्टवेअरने इंग्रजीत विचारलं. भाऊजींनी हो केलं. त्याने पुन्हा विचारलं.

"फुकटातलं आहे ना! नवी सून मीठ किती घालू म्हणून विचारते, तसं चाललंय. काय वहिनी, दाबू ना?"

एक बोट उचललं असतं तरी पुरे होतं. सत्यशीलाबाईंनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. मान हलवली नाही, कारण ते खोटं झालं असतं, आणि खोटं त्या बोलत नसत. मणी तेवढा पुढे सरकवला.

"मौन म्हणजे संमती!" म्हणत भाऊजींनी बटण दाबलं.

पट्टी सरकू लागली. ओठ आवाजाविना नमः शिवाय म्हणत होते आणि मन पट्टीबरोबर चाललं होतं. देवीची वस्त्रं गेली. अंतरपाट गेले. मोर गेला.

काम यशस्वी झाल्याचा संदेश आला तेव्हा संध्याकाळ होत आली होती. भाऊजींनी नवी डिस्क जोडून कॉम्प्युटर चालू केला. पडदा काळाच. जुनी जोडली, तरी काळाच. त्यांनी व्हिडिओ मागे नेला. पोरगं सांगत होतं, इथे नंबर नीट बघा, उलट झालं तर सगळं जाईल. भाऊजींच्या कपाळावर एसीतही घाम आला. मग त्यांना आठवलं, जुनी डिस्क कुणी पुसली ते.

"वहिनी... तुम्ही नंबर पाहिला होता?"

दिवेलागण झाली होती. सत्यशीलाबाईंनी दुकानातल्या गणपतीपुढे दिवा लावला, हात जोडले आणि तोंड उघडलं.

"पाहिला."

इतक्या वर्षांत मौन सुटताना पहिला शब्द देवाचा नव्हता, असं कधी झालं नव्हतं.

"मग खूण तरी करायची! चहाच्या ग्लासाला टाळ्या वाजवता आल्या!"

"चहाचा डाग जात नाही हो, भाऊजी." त्यांनी पिशवीतून फोटो काढून भाऊजींच्या समोर धरला. "तेलाचाही जात नाही."

भाऊजींना चेहऱ्यावरचं वळं दिसलं. सत्यशीलाबाईंनी चावी टेबलावर ठेवली, फोटो पुन्हा पिशवीत घातला आणि चपला सरकवल्या.

रस्त्यावर आल्यावर त्यांना नेमाची आठवण झाली. हा सोमवार देव धरणार नाही, पुन्हा करावा लागेल. करू. निदान आता तरी नाव घ्यावं म्हणून त्यांनी ओठ उघडले, आणि मिटले. तोंडात त्या एका शब्दाची चव होती. ती त्यांना घरापर्यंत हवी होती.