काकांचा आवाज

मेडिकल कॉलेजच्या सराव-खोलीतल्या रबरी पेशंटला सगळे काका म्हणत. त्यांची छाती मोटरवर वरखाली व्हायची, पापण्या मिटायच्या. आवाज मात्र विद्यार्थ्यांपैकीच कोणीतरी द्यायचं, शेजारच्या खोलीत हेडफोन लावून, माइकवर. दुखणं आधी ठरवून दिलेलं असे.

त्या दुपारी आवाज शेपटाचा होता. बॅचमधला सगळ्यात लहान म्हणून शेपूट. प्रश्न विचारायची पाळी आईसाहेबांची. घरी अंगावरचं लेकरू ठेवून येणारी ती एकटीच, म्हणून ते नाव.

दुखणं पोटाचं ठरलं होतं. कुठे दुखतंय, तिने विचारलं.

"कुठेच नाही," काका म्हणाले. "झोप लागत नाही."

मागे खसखस पिकली. शेपूट पाठांतर विसरला, कोणी कुजबुजलं. तिने शिकवल्या क्रमाने पुढचं विचारलं: घरी कोण असतं, लग्न झालंय का.

काकांच्या पापण्या मिटल्या, उघडल्या. "आई मुली बघतेय. मला मुलगे आवडतात, हे तिला कसं सांगू? होस्टेलवर कळल्यापासून माझ्या शेजारी कोणी जेवायला बसत नाही."

सर कौतुकाने मान डोलावत गुण मांडत होते. इतका जिवंत पेशंट त्यांना कधी मिळाला नव्हता. मागची मुलं मात्र आता हसत नव्हती. काकांचे ओठ जराही हलले नव्हते; शेपूट स्वतःचंच बोलतोय, हे तिला कळलं.

पुढचा प्रश्न सगळेच घडाघडा म्हणत. ती थांबली, मग हळूच म्हणाली, "मरून जावंसं वाटतं का?"

"आज वाटतंय. कडी लावून घेतलीय."

सर धावले. शेजारचं दार धडधडू लागलं. काका गप्प झाले, छाती तेवढी वरखाली होत राहिली. दार वाजवू नका, तिने मागच्यांकरवी निरोप धाडला आणि काकांच्या उशाशी बसून त्यांचा गार हात हातात घेतला.

"लहानपणी काय काय आजार झाले होते?"



"गोवर."

"तेव्हा उशाशी कोण बसायचं?"

"आई."

"आता मी बसलेय. पण हा हात गार आहे रे, शेपटा. तुझा दे."

पापण्या मिटल्या. उघडल्या. शेजारी कडी सरकली.

ती शेजारच्या खोलीकडे गेली तेव्हा तो दारात उभा होता, चालूच राहिलेला माइक मुठीत घट्ट धरून. खाली बघत म्हणाला, "पोटाचं राहूनच गेलं."

"राहू दे," ती म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला.

"राहू दे," मागच्या खोलीतून काकाही म्हणाले.