उसनी बहीण

पुढाऱ्यांच्या तोंडी शब्द घालण्यात त्याची अर्धी हयात गेली होती. भाषणात साहेबांची स्वतःची आठवण जिथे यायची, तिथे कच्च्या मसुद्यात तो आपल्याच घरातलं काहीतरी लिहून ठेवी. नुसतं मापाला. थांबायचं कुठे, गळा दाटायचा कुठे, हे साहेबांना कळावं म्हणून. मग ते काढून साहेबांचं टाकायचं, अशी रीत. या खेपेला त्याने बहिणीचं लिहिलं होतं. कपड्यांच्या कारखान्याला आग लागली, दाराला बाहेरून कुलूप होतं, ती आतच गेली.

साहेबांना बहीण नव्हतीच. तरी मसुद्यातली ही बहीण न काढता भर सभेत त्यांनी ती वाचून दाखवली, आपली म्हणून. फक्त कुलूप गाळलं. बायाबापड्या ढसाढसा रडल्या.

घरी आईने ते टीव्हीवर पाहिलं.

"माझी पोर त्या मेल्याची बहीण कधी झाली रे? आणि तू तोंड शिवून बसलायस?"

तो तडक प्रचारप्रमुखाच्या खोलीत घुसला.

"या, भाषणवाले! मैदान मारलंत. उद्या पत्रकारांपुढे हीच बहीण."

"ती माझी बहीण आहे. काढा ते."

"अहो, मेलेल्याला काय फरक पडतो? उलट अमर झाली पोरगी!"

"आणि कुलूप का गाळलं?"

"कारखान्याचे मालक आपल्याच स्टेजवर बसतात, महाराज. खाल्ल्या घरचे वासे मोजू नका."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी ही जात! आणि वाढपी कोण? आपणच.

दुसऱ्या दिवशी हॉल पत्रकारांनी भरला होता. साहेबांच्या शेजारीच कारखान्याचे मालक, हसतमुख. "माझी ताई..." म्हणत साहेबांनी रुमाल काढला, अगदी त्याने आखून दिलेल्या जागी.

मागच्या रांगेतून तो उठला. हातात कागद नव्हता. जीभ अडखळत होती.

"खोटं! ती... माझी ताई. दार बंद होतं. बाहेरून. चावी यांच्याकडे, यांच्या खिशात!" त्याने मालकाकडे बोट केलं.

प्रचारप्रमुखाने त्याचा दंड आवळला. "डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय! सोड."

कॅमेरे गर्रकन वळले. साहेब रुमाल धरून तसेच उभे. पुढच्या रांगेतली एक पत्रकार बाई जागेवरून उठली.

"तुमच्या ताईचं नाव काय?"

त्या भाषणात तिला नावच नव्हतं. त्याने ते मोठ्याने सांगितलं. मग मालकाचंही सांगितलं.